निरसं दूध म्हणजे नेमकं कोणतं?

कणकुंबीची लेक
नमस्कार मंडळी. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, सासर बेळगावात शहापूरला. परवा श्रावणी सोमवारी घरी रुद्राभिषेक होता. भटजींच्या यादीत 'निरसं दूध अर्धा लिटर' असं लिहिलेलं. सुनेनं यादी वाचली आणि विचारलं, "आई, निरसं म्हणजे बिनसायीचं का?" पोरगी हुशार आहे, मराठी शाळेत शिकलेली आहे, पण हा शब्द तिच्या कानावरून कधी गेलाच नव्हता. मी सांगितलं, निरसं म्हणजे न तापवलेलं. ती खाली जाऊन दुधाची पिशवी घेऊन आली. तेवढ्यात शेजारच्या अज्जी म्हणाल्या, "पिशवीचं दूध निरसं कसं गं होईल? ते मशीनमध्ये तापवून येतं की." भटजी म्हणाले चालतं, अज्जी म्हणाल्या चालत नाही. अभिषेक झाला, पण माझ्या डोक्यातून ते काही जाईना.

आमच्या गोठ्यात आई धार काढून आली की दूध दोन ठिकाणी ठेवायची. एक पातेलं चुलीवर जायचं, एक तांब्या कोनाड्यात. कोनाड्यातल्या तांब्याला आम्ही हात लावला की ओरडायची, "ते निरसं आहे, देवाचं आहे." त्यामुळे निरसं म्हणजे देवाचं, असंच मला कितीतरी वर्षं वाटायचं.

तर विचारायचं असं, की हा शब्द आला कुठून, तुमच्याकडे कसा वापरतात, आणि पिशवीतलं दूध निरसं म्हणायचं की नाही?

निपाणीचा तात्या
चुलीवर चढलं नाही ते निरसं. आमच्यात एवढाच अर्थ. अज्जींचं बरोबर.

खडू_फळा
ताई, विषय छान काढलात. मी चिकोडी भागात ३० वर्षं मराठी शिकवली, त्यामुळे व्याकरणाकडून सुरुवात करतो.

पहिली गोष्ट, हा 'नीरस' नव्हे. पुष्कळ जण दोन्ही शब्द एकच समजतात. नीरस म्हणजे रस नसलेला, कंटाळवाणा. तो संस्कृतातून जसाच्या तसा घेतलाय आणि तो बदलत नाही: नीरस भाषण, नीरस गोष्ट, नीरस काम. निरसं मात्र आपल्या घरच्या विशेषणांसारखं चालतं. निरसा, निरशी, निरसं. विभक्ती लागली की निरशा दुधाचा, निरशा दुधात. कसा-कशा, तसा-तशा होतं तसंच. ज्या शब्दाला लोकांनी असं वळवून घेतलंय तो पोथीतून उचललेला नाही, तोंडातोंडी रुळलेला आहे. पुस्तकी लेखनात 'निरसे दूध' दिसेल, तेही हेच.

दुसरं, 'शंकेचं निरसन' यातला निरस वेगळा. तो 'दूर टाकणे' या अर्थाच्या धातूवरून आलाय. त्याचा दुधाशी संबंध नाही.

उंबरठा
मग धारोष्ण म्हणजे तेच का? आमचे आजोबा धारोष्ण दूध प्यायचे म्हणून सांगतात, आणि आजी त्याच दुधाला निरसं म्हणते.

काढा_आणि_चाटण
उंबरठा, दोघंही बरोबर आहेत, पण शब्द दोन आहेत.

धारोष्ण म्हणजे धारा अधिक उष्ण. आ आणि उ मिळून ओ झाला. धारेची ऊब अजून अंगात आहे असं दूध. ती ऊब चुलीची नव्हे, जनावराच्या अंगाची. गाईच्या शरीराचं तापमान साधारण साडेअडतीस अंश असतं, म्हणजे धार आपल्या अंगापेक्षा किंचित गरमच येते. भांडं अर्धा-पाऊण तास ठेवलं की ती ऊब जाते. मग ते दूध धारोष्ण राहिलं नाही, पण निरसं आहेच.

आम्हा वैद्यांच्या शास्त्रात हा फरक फार काटेकोर पाळलाय. वाग्भटानं अष्टांगहृदयात एकाच श्लोकात दुधाच्या चार अवस्था सांगितल्यात. आम, म्हणजे न तापवलेलं, ते जड आणि कफ वाढवणारं. युक्तीनं तापवलेलं त्याच्या उलट. फार आटवलेलं आणखी जड. आणि शेवटी 'धारोष्णममृतोपमम्'. म्हणजे धारोष्ण अमृतासारखं, पण तेच दूध गार होऊन तसंच पडून राहिलं की जड. लोक पहिला अर्धा भाग विसरतात आणि "आयुर्वेदात कच्चं दूध चांगलं सांगितलंय" म्हणून फिरतात. तसं सांगितलेलं नाही.

मार्कंडेयकाठ
आमच्या घरी पाच म्हशी आहेत, तेव्हा गोठ्यातलं सांगतो.

पहाटे साडेचारला उठायचं. आधी रेडकू सोडायचं, ते ढुसण्या देतं तेव्हा म्हस पान्हा सोडते. मग रेडकाला ओढून बाजूला बांधायचं, कास कोमट पाण्यानं धुवायची आणि चरवी गुडघ्यात धरून बसायचं. पहिल्या दोन-चार धारा जमिनीवर सोडायच्या, त्या भांड्यात घ्यायच्या नाहीत. मग चर्र चर्र आवाज येतो, आणि चरवी भरत जाईल तसा तो आवाज जड होत जातो. अंधारात न बघतासुद्धा कळतं किती झालं ते. वर फेस चढतो. आमचे आबा त्या फेसासकट पितळी फुलपात्र भरून उभ्या उभ्या प्यायचे. मिशीला फेस. आम्ही पोरं रांगेत उभे.

ह्याला आमच्यात 'धारेचं दूध' म्हणतात. धारोष्ण मी पहिल्यांदा शाळेच्या पुस्तकात वाचलं. निरसं हा शब्द घरात बायकांचा. "निरसं किती राहिलं?", "निरशातलं मांजरानं प्यालं", "निरशाला विरजण लावू नको, आंबट होतंय." पुरुष लोक डेअरीला घालायला जातात तेव्हा नुसतं 'दूध' म्हणतात. तिथं सगळं निरसंच असतंय, तर वेगळं सांगायचं कशाला?

कणकुंबीची लेक
मार्कंडेयकाठ भाऊ, तो आवाज जड होत जातो ते वाचलं आणि आईच आठवली. तुम्ही लिहिलंत ते मला सुचलंच नव्हतं. दोन तऱ्हेचं दूध जिथं शेजारी शेजारी ठेवलेलं असतं तिथंच हा शब्द लागतो. म्हणजे स्वयंपाकघरात.

अथणीची बस
मला एक शंका येते. कन्नडमध्ये 'नोरे' म्हणजे फेस. ताज्या फेसाळ दुधाला 'नोरे हालु' म्हणतात. नोरे वरून निरसं झालं असेल का? आपल्या तुपाचं आणि त्यांच्या तुप्पाचं नातं आहेच की.

खडू_फळा
तूप आणि तुप्प यांचं नातं मान्य. इथं मात्र जमत नाही. 'नोरे'मध्ये स नाही, तो आपल्याकडे येईल कुठून? आणि निरसं हा शब्द फक्त सीमेवर असता तर तुमच्या म्हणण्याचा विचार करता आला असता. तो पुण्यात आहे, कोकणात आहे. शिवाय कन्नड माणूस न तापवलेल्या दुधाला 'नोरे हालु' म्हणतच नाही, 'हसी हालु' म्हणतो. हसी म्हणजे कच्चं, ओलं. नोरे हालु आपल्या धारोष्णाच्या जवळ जाईल.

अथणीची बस
हे पटलं सर. आमच्या गल्लीत दूध घालायला येणाऱ्या बाईला माझी आई "हसी हालु ऐतेन्री?" असंच विचारते आणि आत येऊन वहिनीला "निरसं आहे गं, तापव" म्हणते. उंबऱ्याच्या बाहेर हसी, आत निरसं. इतकी वर्षं ऐकतोय, पण आज लक्षात आलं.

तुपाची_धार
व्युत्पत्तीचा माझा एक तर्क मांडते, मास्तरांनी तपासावा. 'रसरसणं' असं क्रियापद आपल्याकडे आहे. निखारे रसरसतात, म्हणजे तापून लाल होतात. त्या रसात ताप आहे. तर ज्याला तो ताप लागलाच नाही ते निरसं. कारण नुसता 'रस नसलेलं' असा अर्थ घेतला तर उलटंच होतं. न तापवलेल्या दुधात तर सगळा रस शाबूत असतो!

खडू_फळा
तुपाची_धार, तर्क धीट आहे आणि मला आवडला. निर् आणि रस यांच्या संधीत संस्कृतात र् जातो आणि आधीचा स्वर दीर्घ होतो: नीरस, नीरव, नीरोग. पण मराठीनं नीरोगचं 'निरोगी' केलं, ऱ्हस्व नि घेतला. तेव्हा निरसंमधला ऱ्हस्व नि अडचणीचा नाही. रूप निर्-रस वरून आरामात येतं, अडचण अर्थाची आहे आणि ती तुम्ही नेमकी दाखवलीत. तुमच्या तर्काला मी पूर्ण होकार देणार नाही, कारण रसरसणं हे क्रियापद दुधाला लावलेलं मी ऐकलेलं नाही. दूध उकळतं, कढतं, आटतं, उतू जातं. रसरसतो तो विस्तव.

तुपाची_धार
विस्तव दुधाखालीच असतो ना, सर!

खडू_फळा
हा मुद्दा माझ्यावर बसला. मान्य.

डेअरीतला माणूस
पिशवीच्या प्रश्नावर कुणीच बोलेना, म्हणून लिहितो. मी दुग्धतंत्रज्ञान शिकलोय आणि रोज हेच काम करतो.

गावातल्या संस्थेत दूध येतं, फॅट आणि डिग्री (लॅक्टोमीटरवरचा आकडा) बघितली जाते, आणि ते मोठ्या कूलरमध्ये ४ अंशांपर्यंत थंड केलं जातं. इथपर्यंत ते निरसं. बर्फासारखं गार, तरी निरसं. म्हणजे वैद्यांनी म्हटलं तसं, सगळं धारोष्ण दूध निरसं असतं, पण सगळं निरसं दूध धारोष्ण नसतं. पुढे प्लांटमध्ये ते ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड करतात. हे पाश्चरीकरण. जुनी पद्धत ६३ अंशांवर अर्धा तास, ती लहान ठिकाणी अजून चालते. मग फॅट जुळवून पिशवीत भरतात. टोन्डला ३ टक्के फॅट, फुल क्रीमला ६.

दुधात जन्मतः फॉस्फटेज नावाचं एक विकर असतं. पाश्चरीकरण नीट झालं की ते नष्ट होतं. प्रयोगशाळेत ते आहे की नाही बघूनच दूध पुरेसं तापलं का ते ठरवतात. म्हणजे दूध निरसं आहे का नाही हे सांगणारी चाचणीच आहे म्हणा. त्या चाचणीत पिशवीतलं दूध निरसं ठरत नाही. अज्जींनी अगदी शास्त्रशुद्ध बोललंय.

शहापूरवाली काकू
पण मग मी फ्रीजमधल्या दोन पातेल्यांपैकी एकाला म्हणायचं काय? एक सकाळी उकळलेलं, एक नुसती पिशवी फोडून ओतलेलं. नातू चहाला कुठलं घेऊ विचारतो तेव्हा मी "ते निरसं आहे, दुसरं घे" म्हणते आणि त्याला बरोबर कळतं. तुमची चाचणी माझ्या फ्रीजमध्ये येत नाही बाबा.

निपाणीचा तात्या
काकूंशी सहमत. मी आधी अज्जींच्या बाजूनं होतो, आता बाजू बदलतोय.

दिल्लीत बेळगावी
मला खरी काळजी वेगळीच वाटते. आता सगळे 'कच्चं दूध' म्हणतात. चेहऱ्याला कच्चं दूध लावा, केसांना कच्चं दूध लावा. हे हिंदीतलं कच्चा दूध आहे. मराठीत कच्चा असतो तो आंबा, भात, घडा. कच्चं म्हणजे पिकायचं किंवा शिजायचं राहिलेलं, काहीतरी कमी असलेलं. निरशा दुधात काय कमी आहे? त्याला फक्त अजून कुणी हात लावलेला नाही. आपल्याकडे इतका नेमका शब्द असताना आपण तो वापरत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. इथं मी माझ्या मुलीशी बोलताना मुद्दाम निरसं म्हणतो.

अथणीची बस
दादा, हसी हालुमधलं हसी म्हणजे पण कच्चंच की. कन्नडमध्ये चालतंय तर मराठीत का नको?

दिल्लीत बेळगावी
त्यांच्याकडे तोच एक शब्द आहे, तो त्यांचा हक्काचा. आपल्याकडे दुसरा असताना तो टाकून देण्याबद्दल मी बोलतोय.

गुरांची डॉक्टर
शब्दाबद्दल मी फार सांगू शकणार नाही, पण आबांच्या फुलपात्रावरून एक सांगायलाच हवं. कृपया निरसं दूध पिऊ नका. धारोष्णही नको. ब्रुसेला नावाचा जिवाणू गाभडणाऱ्या, म्हणजे गर्भ पडणाऱ्या, जनावराच्या दुधातून माणसात येतो. गुरांचा क्षयही येतो. माझ्या सख्ख्या मामांना तीन महिने ताप येत-जात होता. रात्री अंग घामानं चिंब, कंबर आणि सांधे धरलेले. मलेरिया झाला, टायफॉइड झाला, सगळ्यांची औषधं घेऊन झाली, उपयोग नाही. शेवटी मीच विचारलं, "मामा, गोठ्यात कुणी गाभडलं होतं का?" एक म्हैस सातव्या महिन्यात गाभडलेली, आणि हे रोज धारेचं पीत होते. रक्त तपासलं, ब्रुसेलोसिस निघाला. पुढे सहा आठवडे गोळ्या.

मादी वासरांना आणि रेडकांना ४ ते ८ महिन्यांच्या वयात याची लस टोचतात, आयुष्यात एकदाच. ती चुकवू नका. आणि दूध उकळा.

मार्कंडेयकाठ
मॅडम, आबा ९१ वर्षं जगले. पण तुमच्या मामांचं वाचून मी आज घरात सांगितलं, पोरांना आता धारेचं द्यायचं नाही. गेल्या साली आमची पण एक गाभडली होती. तेव्हा कुणी हे सांगितलं नाही.

गुरांची डॉक्टर
त्या म्हशीचं रक्त तपासून घ्या. खरंच घ्या. आणि तिचा वार पडला असेल तो उघड्या हातानं उचलला असेल कुणी, तर त्यांनाही विचारा ताप येतो का.

उंबरठा
माझ्या आजीला हे आत्ता वाचून दाखवलं. ती म्हणते, आम्ही निरसं प्यायला कधी वापरलंच नाही, ते देवाला, नागोबाला आणि विरजणाला. पिणारे फक्त आजोबा. पंचमीला वारुळाला घालायचं दूध मात्र निरसंच हवं, तापवलेलं घातलेलं तिला चालत नाही.

शहापूरवाली काकू
आमच्याकडेही पंचमीला तसंच. शेजारच्या कन्नड बायका आणि आम्ही एकाच वारुळाला जातो. त्यांच्याकडे उंड्या, आमच्याकडे दिंडं. ताटांची अदलाबदल होते. दूध दोघींचं निरसं. आणि नव्या घरात गेलं की पहिलं दूध उतू घालवायचं, तेही दोघींकडे. म्हणजे नागोबाला बिनतापलेलं आणि वास्तूला उतू गेलेलं. हे असं का, ते मला कुणी सांगेल का? मला खूप दिवस हा प्रश्न आहे.

काढा_आणि_चाटण
काकू, माझ्या गुरुजींचं म्हणणं असं होतं, की देवाला द्यायचं ते माणसानं संस्कार न केलेलं द्यावं. फूल जसं देठासकट, तसं दूध निरसं. आणि घराला द्यायची ती चूल, त्यामुळे तिथं उतू जायलाच हवं. मला हे पटतं.

गोकाक रोड
विषयांतर करतो, माफ करा. कुणाकडे चीक मिळेल का? पत्नीला सातवा महिना आहे आणि तिला खरवसच खायचाय. आमच्याकडे गिण्णं म्हणतात. आणि चीक निरसा म्हणायचा का?

मार्कंडेयकाठ
दादा, आमची एक दहा-बारा दिवसांत व्यायची आहे. निरोप धाडा, दुसऱ्या दिवसाचा चीक देतो. पहिल्या दिवसाचा रेडकाचा, तो काढत नाही आम्ही. आणि चिकाला कुणी निरसा म्हणत नाही. तो तापवला की खरवसच होतो, तापवलेला चीक असं काही उरतच नाही. दुसरं नाव लागतंय तिथं निरसा हा शब्द लागत नाही.

खडू_फळा
वा! मार्कंडेयकाठ, हे तुम्ही शब्दकोशवाल्यांना शिकवावं असं सांगितलंत. कोशात अर्थ मिळतो, 'न तापविलेले', पण तो कुठं लागत नाही हे गोठ्यातच कळतं. म्हणूनच निरसं पाणी नाही, निरसं तेल नाही, निरसा चीक नाही. फक्त दूध.

कुंद्याचा कढई
आमच्या कुंद्याच्या कामातही हेच बघा. म्हशीचं दूध कढईत पडेपर्यंत निरसं, मग आटीव, मग त्यात दही पडलं की फाटून कणीदार. दर टप्प्याला दुधाचं नाव बदलतं. साखर लाल केलेली पडली की मग ते दूध राहतच नाही, कुंदा होतो. आमचे काका घाण्यावर बसल्यासारखे चार-चार तास ढवळायचे. पोरांना सांगायचे, "निरशाला उशीर झाला तर ते फाटेल, आपण फाडायच्या आधी." म्हणजे सकाळी दूध आलं की लगेच विस्तवावर.

डेअरीतला माणूस
हे अगदी खरं. उन्हाळ्यात धार काढल्यापासून तीन-चार तासांत दूध थंड नाही केलं तर आम्हालाही ते परत पाठवावं लागतं. शेतकऱ्याचं तोंड बघवत नाही तेव्हा.

कणकुंबीची लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला फोन केला. ती आता ८४ची, ऐकू कमी येतं, पण हा प्रश्न एकदम कळला. आमचं बोलणं तसंच लिहिते.

"आई, पिशवीतलं दूध निरसं का गं?"
"तापवलंस का तू?"
"नाही, पण डेअरीत तापवून येतं ते."
"डेअरीत कुणी तापवलं ते मला काय करायचंय? तू तापवलंस का?"
"नाही."
"मग निरसंच की. तापव जा, नासेल."

डेअरीतला माणूस
ताई, आईंसमोर माझी चाचणी मागे घेतो. प्लांटमध्ये मी पाश्चराइज्ड म्हणेन, घरी निरसं.

शहापूरवाली काकू
आणि अज्जींना काय सांगितलंस?

कणकुंबीची लेक
काकू, अज्जींना अजून पटलेलं नाही. पुढच्या सोमवारी त्या स्वतः गवळ्याकडून तांब्या भरून आणणार आहेत. सून त्यांच्याबरोबर जाणार म्हणते.